कुत्र्यांची स्थळं बघणारे डॉक्टर

सगळ्या जयपुरात, नाहरगडाच्या पायथ्यापासून पार सांगानेरच्या विमानतळापर्यंत, आमच्या कुत्तेवाल्या डॉक्टरांइतका संशयी माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि हे कोण सांगतंय तर मी, जी दूधवाला दूध घालून गेला तरी त्याची सायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत दाराच्या फटीतून बघत उभी राहते, जी कडी लावल्यावर ती लागली का म्हणून दोनदा ओढून बघते आणि मग ओढल्यामुळे सैल तर झाली नाही ना म्हणून तिसऱ्यांदा ओढते. पण डॉक्टर म्हणजे माझ्या वरताण. खुर्ची दिली तर आधी हातानं हलवून बघणार, चारी पाय टेकतायत का. चहा दिला तर बशीत ओतून वास घेणार, मग आपल्याकडे बघणार, मग पुन्हा चहाकडे. कुणी फार हसून बोललं की त्यांची मान मागे जायची. थंडीत छान कोवळं ऊन पडलं की आभाळाकडे बघून म्हणायचे, "आज लई गोड वागतंय, बगा." माणसांवर, जनावरांवर, हवेवर, कशावरच त्यांचा विश्वास नव्हता, आणि असा हा माणूस जयपुरातल्या घराघरांत कुत्री द्यायचा, आणि तीसुद्धा अशा रीतीनं की घेणाऱ्याला घाम फुटावा.

डॉक्टरांशी आमची गाठ कशी पडली ते सांगते. लग्न होऊन नाशकाकडून निघाले ती यांच्या बदल्यांच्या मागे फिरत जयपूरला येऊन पोचले. यांची नोकरी सरकारी, हवा बघायची, म्हणजे वारा कुठून आला नि किती आला ते लिहून ठेवायचं, आणि विमानतळ तिकडे सांगानेरला, पाळी कधी पहाटेची कधी दुपारची. बनीपार्कात आमच्या दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मधे चौक, वर गच्ची, आणि घरात मी आणि बेबी, अडीच वर्षांची. बेबीच्या आधी आम्हाला मुलगा होता. आधीच्या बदलीच्या गावी आठ महिन्यांचा असताना त्याला ताप आला आणि शेजारणी म्हणाल्या, काही नाही हो, दातांचा आहे, आणि हे म्हणाले, काही नाही गं, आणि मग मीही स्वतःला म्हटलं, काही नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हापासून 'काही नाही' म्हणणाऱ्या माणसाची मला जेवढी भीती वाटते तेवढी चोराचीही वाटत नाही. बेबीला मी कडेवरून खाली ठेवायची नाही. माँजी, म्हणजे आमची घरमालकीण, मागच्या खोल्यांत राहायची, ती म्हणायची, "बहू, जमीन पर छोड़ दे, जमीन खा थोड़े ही जाएगी." मला वाटायचं, कुणी सांगावं.

तर माझी ही भीती घालवायची म्हणून यांनी काय ठरवावं, तर कुत्रा! भित्र्या माणसाच्या घरात आणखी एक भीती आणून बांधायची, हा उपाय पुरुषांनाच सुचावा. कुत्रा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पोटातली चौदा इंजेक्शनं यायची, आणि ती बेबीच्या एवढ्याशा पोटात कशी मावतील या विचारानं मला चूल फुंकता फुंकता रडू यायचं. यांना हवा होता अल्सेशियन. कचेरीत कुणाच्या तरी इंग्रजी मासिकात चित्र पाहिलं होतं, बर्फात उभा असलेला, जीभ बाहेर. मी म्हटलं, "अहो, तो उभा राहिला तर आपण कुठे उभं राहायचं?" हे म्हणाले, "अगं, एक मराठी गृहस्थ आहेत, कुत्र्यांचे डॉक्टर, सगळ्यांना सल्ला देतात. बघून तर जाऊ देत." मराठी म्हटल्यावर मी जरा गप्प बसले, आणि तिथेच फसले.

डॉक्टर मूळचे कोल्हापूरकडचे. तिकडच्या कुणा सरदारांची लेक इकडे एका ठाकुरांच्या घरात दिली होती आणि तिच्या आंदणात दागिने, भांडी, दोन दासी आणि सहा शिकारी कुत्री आली होती, आणि कुत्र्यांबरोबर हे डॉक्टर. "आंदणात आलोय मी," असं ते छाती काढून सांगायचे, जसा दुसरा कुणी सांगेल मी विलायतेला जाऊन आलो. पुढे राजे गेले, शिकारी गेल्या, हवेलीतली मोठी कुत्री म्हातारी होऊन मेली, आणि उरली ती एक छोटी जात, टेरियर म्हणतात त्यांना, पांढरी, अंगावर एखादा तपकिरी डाग, उंची आपल्या गुडघ्याच्याही खाली. या जातीची पिल्लं होत राहिली आणि ठाकूरसाहेबांनी सांगितलं, चांगल्या घरी देऊन टाका. आता 'चांगलं घर' हे दोन शब्द डॉक्टरांच्या हातात देणं म्हणजे आमच्या आत्याबाईंच्या हातात भाचीच्या लग्नाचा अधिकार देण्यासारखंच. कुत्री द्यायची ती लेक देतो तशी द्यायची, असं त्यांचं म्हणणं. आधी घर बघायचं. मग घरच्यांना बघायचं. मग सोबत त्या कुत्रीला आणून तिला घर दाखवायचं, आणि घरी गेल्यावर पोस्टकार्डानं कळवायचं. पसंत असेल तर पसंत, नसेल तर 'योग नाही'.

असा 'योग नाही' जयपुरातल्या कितीतरी मराठी घरांना आला होता, आणि गणपतीत सगळे जमले की बायका एकमेकींना हळूच विचारायच्या, तुम्हाला काय कळवलं हो? सगळ्यात झोंबला तो बँकेच्या मॅनेजरीणबाईंना. त्यांचा बंगला, मागे हिरवळ, दोन नोकर. डॉक्टर आले तेव्हा त्या मोठ्या कौतुकानं म्हणाल्या होत्या, "आमच्या बंटीला कुत्र्याची काडीची भीती नाही हो, शेपटी काय ओढतो, कानात बोटं काय घालतो, कुत्रीसुद्धा काही करत नाहीत त्याला." तिसऱ्या दिवशी कार्ड आलं. 'योग नाही. मूल निर्धास्त आहे, आईबाप त्याहून निर्धास्त. कळावे.' बाईंनी ते कार्ड फाडलं, पण त्याआधी चौघींना दाखवलं. मी ऐकून मनात म्हटलं, देवा, असंच एक कार्ड आम्हाला येऊ दे.

आणि ते यावं म्हणून मी माझ्या परीनं कष्ट घेतले, हे आज कबूल करते. बघायला यायच्या दिवशी पोहे मुद्दाम गिचका केले. घर आवरलं नाही. ठरवलं, विचारतील ते सगळं खरं सांगायचं, माझ्याइतकी घाबरट बाई बघून म्हातारा कुत्री उचलून पळत सुटेल. दुपारी डॉक्टर आले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, कोपरावर ठिगळ, हातात काठी, खांद्याला पिशवी, आणि पिशवीतून एक पांढरं तोंड बाहेर, एक कान तपकिरी. बेबीला घेऊन मी एकदम कॉटवर चढले. हे म्हणाले, "अगं, पाहुणे आलेत." डॉक्टर म्हणाले, "असू द्या. वर बरं दिसतं तिथनं." आणि वही काढून बसले, खुर्ची हलवून बघून.

"वैनी, ह्या घरात सगळ्यात मोठ्यांदा कोण बोलतं?"

"कुणीच नाही. मी ओरडते, पण मनातल्या मनात."

"पोरीला कोण मारतं?"

"कुणी बोट तर लावू दे!"

"शेजारी कसं हायत?"

"असतील चांगले. मी कुणाच्या घरी बेबीला एकटी पाठवत नाही."

"मालकांवर विश्वास हाय?"

मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, आता खरंच बोलायचं ठरवलंय तर बोलूया. "मागे बेबीला घेऊन हे चौडा रास्त्याच्या बाजारात गेले आणि पेपर वाचत उभे राहिले. बेबी दुसऱ्याच माणसाचं धोतर धरून उभी होती."

"ते धोतर तरी स्वच्छ होतं," हे म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. वहीत लिहिलं. लिहिताना त्यांच्या मिशा हलत होत्या, मला वाटलं रागानं. मग पोह्यांचा एक घास घेतला, थांबले, दुसरा घेतला नाही, तेही लिहिलं असावं. मग पिशवी यांच्याजवळ दिली, टोपी नीट केली आणि, तुम्हाला खोटं वाटेल, पण पासष्ट वर्षांचा तो माणूस गुडघ्यांवर आणि हातांवर खाली झाला आणि रांगायला लागला. घर कुत्रीच्या उंचीवरनं बघावं लागतं म्हणे, माणसाच्या उंचीवरनं सगळी घरं चांगलीच दिसतात. व्हरांड्यातून खोलीत, खोलीतून चौकात, मोरीपाशी थांबून वास घेतला, परत कॉटखाली. बेबीनं हे बघितलं आणि माझ्या हातातून निसटून तीही त्यांच्यामागे रांगायला लागली, मी वरून ओरडतेय, आणि कॉटखालून डॉक्टरांचा आवाज, "वैनी, ही जागा तुमी रोज बगता?"

"दिवसातून तीनदा!"

कॉटखालून हात बाहेर आला. चिमटीत सुई. दोरा ओवलेली, परवापासून मी शोधत होते ती. मला इतकी लाज वाटली की मी कॉटवरून खाली उतरले, कुत्री पाचच पावलांवर होती तरीसुद्धा. डॉक्टर बाहेर आले, कोटाला धूळ, मागून बेबी, तिच्या फ्रॉकला धूळ. यांनी अल्सेशियनचा विषय काढायची हीच वेळ निवडली. डॉक्टर म्हणाले, "मोठा कुत्रा चोराला भेववतो. ल्हान कुत्रा मालकाला उठवतो. तुमाला उठायची गरज हाय." आणि पिशवी खांद्याला लावून चालते झाले, चहा न पिता. मी देवापुढे साखर ठेवली.

मंगळवारी कार्ड आलं. 'पसंत आहे. शुक्रवारी आणतो. कळावे.'

हे नाचायचे बाकी होते. मी कार्ड तीनदा वाचलं, वाटलं पत्ता चुकला असेल. आमच्यासारखं घर, गिचका पोहे, कॉटखाली सुई, आणि हे स्थळ पसंत? मग माझ्या डोक्यात आलं, ज्या मुलीत खोट असते तिलाच कुठेतरी घाईनं खपवतात. काहीतरी काळंबेरं होतं. शुक्रवारी डॉक्टर आले आणि म्हणाले, हिला नाव न्हाई, नाव सासरी ठेवायचं असतं. यांनीही ताटात तांदूळ पसरले आणि बेबीच्या बोटानं त्यात नाव लिहवून घेतलं, सुपारी, कारण ती तेवढीच, तशीच टणक आणि तशीच गोल व्हायची झोपली की. डॉक्टरांनी तिचा उजवा पाय धरून उंबऱ्याच्या आत ठेवला. मग नाक शिंकरून म्हणाले, "सर्दी झालीय," आणि तडक निघून गेले. मी चौकात मोरीची फळी आडवी लावून घेतली आणि ठरवलं, या कुत्रीवर आपली नजर, चोवीस तास.

पण मला दोन ठिकाणी नजर ठेवावी लागेल हे माहीत नव्हतं. तिसऱ्याच दिवशी दुपारी माँजी आली नि म्हणाली, "बहू, सामने नीम के नीचे एक डोकरा बैठा है. कल भी बैठा था." फटीतून बघितलं तर समोरच्या कडुनिंबाखाली, कुणाच्या तरी मोडक्या ओट्यावर, डॉक्टर. काठीवर हनुवटी, डोळे आमच्या दारावर. मला वाटलं कुणाची वाट बघत असतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि वेळ तीच, यांची दुपारपाळी सुरू झाली की अर्ध्या तासात. बरं, यायचे पण दार वाजवायचे नाहीत, पाणी मागायचे नाहीत. बेबीचा आवाज आला की उठून उभे राहायचे. मी मनात हिशोब जुळवला. हा माणूस आधी घर रांगून बघून गेला, कुठे काय आहे, कोण कधी नसतं, सगळं वहीत लिहून गेला, वर कुत्री आत पाठवली. यांना सांगितलं तर हे हसले. "अगं, कुत्रीची आठवण येत असेल, काही नाही." झालं! 'काही नाही'! त्या दिवसापासून मी लाटणं कमरेला खोचून वावरायला लागले. चौकात कपडे धुताना एका डोळ्यानं सुपारी, एका डोळ्यानं दार, आणि बेबी पाठीवर, ओढणीनं बांधून, माँजीच्या गावाकडच्या बायकांसारखी.

सुपारीचं म्हणाल तर तिच्यात बोट ठेवायला जागा सापडेना, याचाही मला संशयच आला. मी भांडी घासताना दोन हात लांब बसायची, मी उठले की उठायची, घूस दिसली की बाणासारखी जायची. बेबीच्या मागे जायची पण पुढे नाही. पंधरावा दिवस असेल, मी भाकरी दुधात कुस्करून तिचं ताट चौकात ठेवलं आणि स्टोव्हची वात वर करायला वळले, एवढंच, मोजून दोन श्वास. आणि मागून आवाज आला. भुंकणं नव्हे. जात्यात खडा आल्यासारखा, खालून, पोटातून. वळून बघते तर बेबी ताटाशी वाकलेली, हात दुधात, आणि सुपारीचे दात, सगळे. मी बेबीला कसं उचललं, कॉटवर कशी गेले, मला आठवत नाही. बेबीचे हात उलटेपालटे करून बघितले, दहाही बोटं, पुन्हा दहा, ओरखडा नाही. माझी किंकाळी ऐकून माँजी धावत आली, आणि हळदीकुंकवाचं बोलावणं करायला दारात पोचलेल्या त्या बँकेच्या मॅनेजरीणबाईही. माँजी म्हणाली, "कुछ नहीं करती बहू, इत्ती सी तो है." आणि मॅनेजरीणबाई म्हणाल्या, "अय्या, ही तीच का हो? हिला दोन घरांनी परत पाठवलीय. गुरगुरते म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

मग मी काय केलं ते माझं मलाच अजून खरं वाटत नाही. भर रस्त्यात परपुरुषाशी कधी न बोललेली मी, बेबी काखेत, लाटणं हातात, डोक्यावर पदर नाही, तशी दार उघडून भर उन्हात रस्ता ओलांडून कडुनिंबाखाली गेले. डॉक्टर माझी किंकाळी ऐकून उठून उभेच होते, काठी खाली पडलेली.

"चावली?" त्यांनी विचारलं. चेहरा पांढराफटक.

"चावली असती! दोन घरांतून परत आलेली कुत्री तुम्ही माझ्या पोरीजवळ आणून सोडलीत! डॉक्टर म्हणवता स्वतःला!"

"ते बी न्हाई मी," ते म्हणाले. "हवेलीत कंपाउंडर होतो. लोक डॉक्टर म्हणाले, मी न्हाई म्हटलं न्हाई." मग त्यांनी बेबीचे हात बघितले, एकेक बोट, मी बघितली होती तशीच, दोनदा. "ताटात हात घातला?"

"हो."

"मग चावली असती," ते म्हणाले. "आज गुरगुरली म्हणून न्हाई चावली. उद्या पुन्यांदा हात घातला तर चावंल."

सगळ्या जन्मात मला कुणी असं सरळ सांगितलं नव्हतं. ज्यानं त्यानं काही नाही, काही नाही म्हणत माझ्या तोंडावर पदर टाकला होता, आणि हा माणूस उन्हात उभा राहून म्हणत होता, आहे, भीती आहे, तुला वाटते ती खरी आहे. मला रडायला आलं. रागानंच आलं, पण आलं.

"गुरगुरणं म्हंजी पोस्टकार्ड असतंय वैनी," ते म्हणाले. "येणार हाय असं आधी कळवणं. त्या दोन घरांत तिला गुरगुरली म्हणून मारलं. मारून मारून कार्ड बंद केलं की मग कुत्रं न कळवता येतंय. तुमी मारलं?"

"मी कशाला मारतेय? मी पळाले!"

"ब्येस. पळायचंच असतं." आणि पडलेली काठी उचलून म्हणाले, "निर्धास्त घरात मी पोरांजवळ कुत्रं देत न्हाई. तिथंच अपघात हुतोय. मला असं घर पायजे होतं जिथं बाई डोळा मिटत न्हाई. तुमी त्या दिशी कॉटवर चढलात, तवाच माझं ठरलं. पण परत आलेली हाय हे लपवलं, ते चुकलं माझं. सांगितलं असतं तर तुमी दार उघडलं नसतं. म्हणून न्हाई सांगितलं. चुकलंच. आत्ता घेऊन जातो, दोरी हाय पिशवीत."

त्यांनी खरंच दोरी काढली. गाठ सुटेना. घराच्या दारात सुपारी येऊन बसली होती, उंबऱ्याच्या आत, एक पाऊलही बाहेर नाही. मी विचारलं, "आणि तुम्ही रोज इथे का येऊन बसता? मला वाटलं तुम्ही पोरं पळवता."

"बसतोय खरं," ते म्हणाले, दोरीकडे बघत. "तुमच्यावर माझा विश्वास हाय. तिच्यावर बी हाय. माझ्यावर न्हाई. माझं काही चुकलं असंल आणि आतनं आवाज आला, तर धावायला कुणी पायजे. मालक दुपारी घरी नसतात."

पंधरा दिवस, जयपूरच्या त्या उन्हात. मी लाटणं पदरात लपवलं आणि म्हटलं, "मग आत येऊन बसा. इथे बसून मला नुसता घोर लावलात."

तेव्हापासून डॉक्टर दुपारचे आमच्या व्हरांड्यात. कुत्रीला परत न्यायचा विषय कुणी काढला नाही, म्हणजे मी रोज सकाळी काढायची मनातल्या मनात आणि दुपारी विसरायची. सुपारीचं ताट आता फळीच्या पलीकडे, बेबी अलीकडे, ती खाईपर्यंत आम्ही दोघं मधे, पहारेकऱ्यांसारखे. सुपारी झोपली असली तर बेबीनं लांबूनच हाक मारायची, सुपारी आली तर आली, नाही आली तर नाही, हा नियम त्यांनी बेबीला इतका घटवला की ती पाहुण्यांनासुद्धा झोपेतून तशीच उठवायला लागली, दारात उभी राहून. आणि दोन संशयी माणसं एकत्र आली की काय होतं ते आम्ही त्या व्हरांड्यात अनुभवलं. भाजीवाला यायचा, तर मी वजन बघायची नि डॉक्टर भाजीवाल्याचे डोळे बघायचे. पोस्टमननं शीळ घातली तर आम्ही एकमेकांकडे बघायचो. हे एकदा पाळीवरून लवकर आले, तर आतून तिघांनी एकदम विचारलं, कोण? तिघांनी म्हणजे मी, डॉक्टर आणि सुपारी. "माझ्याच घरात मला ओळखपत्र दाखवावं लागतंय," हे म्हणाले. डॉक्टरांनी पोहे मात्र कधी खाल्ले नाहीत माझ्या हातचे. चांगले करून दिले तरी म्हणायचे, "आज लई चांगलं दिसत्यात," आणि बशी सारून ठेवायचे.

गेल्या वर्षी त्यांची भाची येऊन त्यांना कोल्हापूरला घेऊन गेली. डोळ्यांना दिसेनासं झालं होतं, आणि न दिसणाऱ्या माणसानं कुणाचीच खात्री कशी करायची, म्हणाले, परत आपल्या गावी गेलेलं बरं. गाडीत बसायच्या आधी त्यांनी बाक हलवून बघितला. सुपारीला स्टेशनवर आणू नका असं सांगून ठेवलं होतं. आम्ही आणली नाही. पोचल्याचं कार्ड आलं, भाचीच्या अक्षरात, दोन ओळींचं. त्यानंतर नाही आलं. कुणाला विचारावं तर तो म्हणेल, काही नसेल, बरे असतील.

मला त्यांची आठवण येते ती एका दुपारची. वैशाखाचे दिवस, मी गच्चीवर पापड वाळत घातले होते, सांगानेरी चादरीवर, आणि पश्चिमेकडून एकदम आभाळ पिवळं झालं. आंधी. पळत वर जायला हवं होतं, बेबी झोपाळलेली, कडेवर घेऊन जिना चढले तर पापड जातात. डॉक्टर व्हरांड्यात बसले होते. मी बेबीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. ठेवलं म्हणजे, ठेवून गेले. ते म्हणाले, "पोरी, जा. मी हाय." वैनी म्हणायचे, त्या दिवशी पोरी म्हणाले.

वर वारा असा की चादर पतंगासारखी उठत होती. मी गुडघ्यांखाली दाबून एकेक पापड वेचला, डोळ्यांत वाळू, तोंडात वाळू, मग चादरीचं गाठोडं करून खाली आले. व्हरांड्याचं दार वाऱ्यानं आपोआप लागलेलं. आत डॉक्टर भिंतीला टेकून गाढ झोपले होते, टोपी नाकावर. बेबी त्यांच्या एका मांडीवर, सुपारी दुसऱ्या मांडीला लागून, दोघीही झोपलेल्या, आणि डॉक्टरांचा हात झोपेतसुद्धा दोघींच्या मधे, पंजा पसरून, आडवा. मी गाठोडं घेऊन पायरीवरच बसले. बाहेर आंधी दारावर धडका देत होती आणि मला उशिरानं लक्षात आलं, की मी वर सगळे पापड गोळा केले, पार शेवटचा तुकडासुद्धा, आणि कठड्यावरून एकदाही खाली वाकून बघितलं नाही. मी तशीच बसून राहिले. कुणी उठू नये असं वाटत होतं.